आधी तंबोरा लावा

फोनवर नातेवाईकांचा एक ठरलेला प्रश्न असतो. हवापाणी, जेवणखाण, "तिकडे आत्ता किती वाजले" हे सगळं झालं की तो येतोच. "ते ठीक आहे रे, पण तू तिथे नक्की करतोस काय?" सॉफ्टवेअरवाल्यांचं बरं असतं, एका शब्दात विषय संपतो. मी प्रकाशावर काम करतो म्हटलं की मामा विचारतात, "म्हणजे ट्यूबलाइटचं?" लेसर म्हटलं की मामी मोतीबिंदूच्या ऑपरेशनची चौकशी करतात. शेवटी मी खरं ते सांगून टाकतो, की माझा निम्माअधिक वेळ यंत्रं जुळवण्यात जातो. त्यावर पलीकडे जी शांतता पसरते, तिचा अर्थ मला चांगला कळतो. एवढं शिकून, सातासमुद्रापार जाऊन, डॉक्टरेट करून शेवटी काय, तर जुळवाजुळव!

तर मंडळी, आज मी या जुळवाजुळवीच्या बाजूने भांडणार आहे. इंग्रजाळलेल्या मराठीत तिला कॅलिब्रेशन म्हणतात, पाठ्यपुस्तकी मराठीत अंशांकन. माझं मत असं आहे की हे काम हलकं समजण्याची आपली जी सवय आहे (आणि ती इथेही आहे, त्याबद्दल पुढे येतोच), ती आपल्याला फार महाग पडते. यंत्र विकत घेता येतं. ते आपल्या टेबलावर, आपल्या हवेत, आपल्या लेसरखाली नेमकं कसं वागतं याचं ज्ञान विकत मिळत नाही, ते स्वतः मोजूनच मिळवावं लागतं. नुसतं तत्त्वज्ञान सांगत बसलो तर तुम्ही पान मिटाल, म्हणून माझ्या रोजच्या वापरातल्या एका यंत्राचं उदाहरण घेतो.

त्या यंत्राचं नाव स्पेशियल लाइट मॉड्युलेटर. इतकं लांबलचक नाव कोणी घेत नाही, सगळे एसएलएम म्हणतात. दिसायला अगदी सामान्य. तळहातावर मावेल अशी डबी, पुढे अंगठ्याच्या नखाएवढा चकचकीत आरसा आणि मागून संगणकाला जोडायची केबल. संगणकाला बिचाऱ्याला वाटतं, आणखी एक मॉनिटर जोडलाय. एखाद्या नेहमीच्या मॉडेलमध्ये त्या नखाएवढ्या आरशावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांहून जास्त चौकोनी ठिपके असतात. एकेक ठिपका ८ मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे आठ-दहा ठिपके बसतील. किंमत साधारण एका बऱ्यापैकी मोटारीएवढी. त्यामुळे कुरियरवाला खोकं घेऊन आला की सही करताना हात जरा कापतोच.

हा आरसा करतो काय? प्रकाश ही लाट आहे. लाटेबद्दल दोन गोष्टी विचारता येतात: ती किती उंच आहे, आणि या क्षणी ती चढावर आहे की उतारावर. पहिली गोष्ट म्हणजे उजेड कमी की जास्त. ती डोळ्याला कळते, कॅमेऱ्यालाही कळते. दुसरी म्हणजे फेज, शाळेच्या पुस्तकातली 'कला'. ही डोळ्याला अजिबात दिसत नाही. शाळेतली लेझीम आठवा. शंभर मुलं एका ठेक्यात खेळत असली की आवाज कसा एकसंध येतो. त्यातली निम्मी मुलं अर्धा ठोका मागे पडली तर प्रत्येक जण आपापल्या परीने बरोबरच खेळत असतो, पण एकत्र ऐकायला गोंधळ. प्रकाशात तर त्याहून कमाल होते. दोन सारख्या लाटांपैकी एक बरोबर अर्धा ठोका मागे पडली तर तिथे चक्क अंधार होतो. एसएलएमचं काम म्हणजे वीस लाख मुलांपैकी प्रत्येकाच्या कानात सांगायचं, "तू पाव ठोका थांब, तू अर्धा, तू मुळीच थांबू नकोस."

एवढ्याशा थांबवण्यातून काय काय करता येतं! एका लेसरच्या झोताचे पंचवीस ठिपके करता येतात आणि प्रत्येक ठिपक्यात एकेक सूक्ष्म मणी किंवा पेशी चिमटीत धरल्यासारखी पकडता येते. आर्थर अ‍ॅश्किन यांनी १९८६ मध्ये सहकाऱ्यांबरोबर एका झोताचा असा प्रकाशचिमटा करून दाखवला आणि २०१८ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी, त्यांना नोबेल मिळालं. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठात वेलेकोप आणि मोस्क यांनी २००७ मध्ये याच जातीच्या यंत्राने पांढऱ्या रंगद्रव्याच्या अपारदर्शक थरातून प्रकाश आरपार नेऊन एका बिंदूवर गोळा केला. पुढेमागे शरीराच्या आत, दुधाळ काचेसारख्या ऊतींच्या पलीकडे स्वच्छ पाहता यावं म्हणून जी धडपड चालू आहे, तिचं मूळ अशा प्रयोगांत आहे.

थांबवायचं काम प्रत्यक्षात करतो तो द्रव स्फटिक, म्हणजे लिक्विड क्रिस्टल. तुमच्या घड्याळात आणि कॅल्क्युलेटरमध्ये असतो तोच गोतावळा. १८८८ मध्ये प्रागच्या फ्रीडरिश राइनित्सर या वनस्पतिशास्त्रज्ञाला 'दोनदा वितळणारा' एक पदार्थ सापडला, तिथून ही कथा सुरू होते. (आपलाही यात वाटा आहे बरं का. १९७७ मध्ये बंगलोरच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर आणि सहकाऱ्यांनी चकतीसारख्या रेणूंचा द्रव स्फटिक शोधला. हे चंद्रशेखर सी. व्ही. रामन यांचे भाचे. दुसरे भाचे पंचरत्नम. त्यांनी १९५६ मध्ये प्रकाशाच्या फेजबद्दल जे लिहून ठेवलं, त्याचं मोल जगाला कळायला कित्येक वर्षं लागली.) एसएलएममध्ये काही मायक्रॉन जाडीच्या थरात हे काडीसारखे रेणू आडवे पडलेले असतात. खालच्या सिलिकॉनमधून व्होल्टेज दिलं की ते उभे राहू लागतात. रेणू आडवे असताना प्रकाशाला जास्त अडवतात, उभे राहिले की कमी. बस, इतकंच.

आता मुद्द्यावर येतो. संगणक एसएलएमला एक करडं चित्र पाठवतो. ० म्हणजे काळं, २५५ म्हणजे पांढरं, मधे सगळ्या छटा. (मी ग्लासगोत राहतो. इथलं आकाश पाहणाऱ्याला करड्याच्या २५६ छटा असतात हे वेगळं पटवून द्यावं लागत नाही.) प्रश्न असा, की १२८ पाठवलं तर प्रकाश नेमका किती थांबतो? बरोबर अर्धा ठोका? तसं समजणं सोयीचं असलं तरी रेणूंना आपल्या सोयीशी देणंघेणं नसतं. सुरुवातीला व्होल्टेज वाढवलं तरी ते ढिम्म हलत नाहीत. एक उंबरठा ओलांडला की भराभर उठतात आणि शेवटी शेवटी पुन्हा आळसावतात. म्हणून कुठला आकडा पाठवला की किती थांबतं याचा एक तक्ता लागतो. कंपनी असा तक्ता डबीबरोबर पाठवते, छान बांधलेल्या कागदपत्रांसकट. आणि बहुतेक जण इथेच थांबतात. तक्ता आलाय, कंपनी नामांकित आहे, लावा आणि प्रयोग सुरू करा.

तो तक्ता खोटा नसतो. पण तो कंपनीच्या खोलीतला, कंपनीच्या लेसरखालचा तक्ता असतो. समजा तो ६३३ नॅनोमीटरच्या लाल लेसरसाठी केला आहे आणि तुम्ही ५३२ चा हिरवा वापरताय. लाल लाटेला जिथे बरोबर एक पूर्ण ठोका मिळत होता, तिथे हिरव्या लाटेला निदान १९ टक्के जास्त मिळतो, कारण तिची लांबीच कमी आहे. तापमानाचं तसंच. द्रव स्फटिक गरम झाला की त्याची प्रकाश अडवण्याची ताकद कमी होते. खोली गरम असो, वा तुमच्याच जोरदार लेसरने आरसा तापवलेला असो. हिवाळ्यात केलेला तक्ता उन्हाळ्यात चालेलच असं नाही. हे ग्लासगोत खरं आहे, तर नागपुरात किती खरं असेल याचा विचार करा.

आणखी आहेत. तो सिलिकॉनचा तुकडा पूर्ण सपाट कधीच नसतो. डोळ्याला आरसा वाटतो, पण प्रकाशाच्या लाटेच्या हिशोबात ती जराशी फुगलेली पोळी असते, त्यामुळे मधल्या आणि कडेच्या ठिपक्यांना वेगळी दुरुस्ती लागते. मग शेजारधर्म. एका ठिपक्याला ० आणि लगतच्या ठिपक्याला २५५ दिलं तर व्होल्टेज सीमेवर तोडल्यासारखं बदलत नाही. एकाची झळ दुसऱ्याला लागते. म्हणून संपूर्ण पडद्यावर एकच छटा लावून केलेला तक्ता बारीक नक्षीच्या वेळी तंतोतंत लागू पडत नाही. शिवाय काही मॉडेलांमध्ये व्होल्टेज सलग न देता तुकड्यातुकड्यांत देतात, त्यामुळे रेणू सतत किंचित थरथरत असतात. साधा कॅमेरा त्या थरथरीची सरासरी काढून मोकळा होतो आणि तुम्हाला वाटतं सगळं स्थिर आहे. वेगवान डिटेक्टर लावला की खरं रूप दिसतं.

हे सगळं ऐकून तुम्हाला वाटेल, भलतंच किचकट प्रकरण दिसतंय. पण आपल्या लोकांना ही गोष्ट समजायला अवघड जाऊ नये. सवाई गंधर्व महोत्सव डोळ्यासमोर आणा. डिसेंबरचं पुणं, मोठा मंडप, संध्याकाळनंतर वाढत जाणारा गारवा. तंबोरा मिरजेच्या उत्तम कारागिराने केलेला असतो. घरून निघताना तो जुळवलेलाही असतो. तरी कलाकार मंचावर बसल्यावर पहिलं काम काय करतो? तंबोरा लावतो. त्या हवेत, त्या क्षणी, आपल्या स्वराला. हजारो माणसं तोवर शांत बसून असतात, आणि "आता कधी सुरू करणार?" असं कोणी ओरडत नाही, कारण गाणं सुरू झालंच आहे हे जाणत्याला ठाऊक असतं. मधेच गारव्याने तारा उतरल्या तर गवई पुन्हा थांबून लावतो आणि त्यालाही कोणी नावं ठेवत नाही. "मिरजेहून जुळवून आणलाय, आता हात कशाला लावायचा?" असं म्हणणाऱ्या गवयाला तुम्ही काय म्हणाल? प्रयोगशाळेत मात्र आपण नेमकं हेच म्हणतो.

बरं, यंत्र लावायचं कसं? याला फार मोठं सामान लागत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. एक काळा पुठ्ठा किंवा पत्रा घ्या आणि त्याला दोन भोकं पाडा. तो एसएलएमसमोर असा धरा की एका भोकातून आरशाच्या डाव्या भागावरचा प्रकाश येईल आणि दुसऱ्यातून उजव्या. पुढे एक भिंग, आणि भिंगाच्या नाभीवर कॅमेरा. दोन्ही झोत तिथे एकत्र आले की काळे-उजळ पट्टे दिसतात. थॉमस यंगने दोनशे वर्षांपूर्वी दाखवलेले तेच पट्टे. आता डावा भाग ० वर ठेवून द्या आणि उजव्याला ०, १, २, ३ करत २५५ पर्यंत चढवा. प्रत्येक पायरीला पट्टे थोडे थोडे सरकतात. ते एक पूर्ण पट्टाभर सरकले की एक पूर्ण ठोका झाला. कुठल्या आकड्याला किती सरकले हे लिहून काढलं की तुमचा स्वतःचा तक्ता तयार! दोन्ही झोत जवळजवळ एकाच वाटेने येत असल्यामुळे बाहेरून ट्रक गेला आणि टेबल हादरलं तरी दोघंही सारखेच हलतात, पट्टे टिकून राहतात. मग भोकं दुसऱ्या जागी सरकवून पुन्हा मोजा, म्हणजे मध्यभाग आणि कडा यांतला फरक कळेल. सवय झाल्यावर दुपारभराचं काम आहे. पहिल्यांदा करताना आठवडा जातो आणि त्या आठवड्यात माणूस जे शिकतो ते कुठल्या मॅन्युअलमध्ये नसतं.

आता समोरच्या पक्षाची बाजूही मांडली पाहिजे. ते म्हणतात, थोडीफार चूक असली तर असं काय बिघडतं? हा आक्षेप पोकळ नाही, गणितच करू. एसएलएमवर करवतीच्या दातांसारखी नक्षी काढून झोत एका बाजूला वळवायचा आहे. दाताची उंची बरोबर एक ठोका असली पाहिजे, पण ती १० टक्के कमी पडली. किती प्रकाश वाया गेला? जेमतेम ३ टक्के. २० टक्के कमी पडली तरी साडेबारा टक्के. तीन टक्क्यांसाठी आठवडा घालवायचा? कारकुनी हिशोबाने नाही परवडत. शिवाय ट्वेंटेच्या प्रयोगासारखी काही कामं अशी असतात की तिथे यंत्र दर पायरीला परिणाम पाहून स्वतःच सुधारत जातं, तिथे तक्ता थोडा इकडेतिकडे असला तरी चालून जातं. हे मी मान्य करतो.

पण ते तीन टक्के जातात कुठे, हा प्रश्न राहतोच. ते सगळीकडे सारखे पसरले असते तर कोणाची तक्रार नव्हती. त्यातला एक टक्का सरळ मधोमध जाऊन बसतो, एका टोकदार ठिपक्यात, आणि बाकीचा ठरावीक जागी भुतासारखे फसवे ठिपके तयार करतो. लेसर जोरदार असला तर असा भुताचा ठिपकाही पेशी पकडायला पुरेसा होतो. माझ्या ओळखीतल्या एका गटाचं असंच झालं (गाव आणि नाव नको). त्यांच्या प्रकाशचिमट्यात जिथे काहीच नसायला हवं तिथे मणी येऊन अडकायचे. तीन आठवडे सगळे नक्षी काढणाऱ्या गणितावर डोकं फोडत होते. संगणकाचा प्रोग्रॅम नवा लिहिला, मग आणखी नवा. प्रोग्रॅम निर्दोष होता. मधल्या काळात लेसर बदलला होता आणि तक्ता मात्र जुन्या लेसरचाच राहिला होता. नवा तक्ता केल्यावर भुतं मंतरल्यासारखी नाहीशी झाली. बरं, हे निदान डोळ्याला दिसलं म्हणून सापडलं. जिथे भूत दिसत नाही, फक्त शेवटचा आकडा किंचित बदलतो आणि तोच आकडा घेऊन पेपर छापला जातो, तिथे काय?

"मोठ्या ठिकाणी असं होत नाही" असं कोणाला वाटत असेल तर हबल दुर्बीण आठवा. १९९० च्या एप्रिलमध्ये ती अवकाशात गेली आणि चित्रं धूसर आली. २.४ मीटर व्यासाचा तिचा आरसा जगातल्या सर्वांत काटेकोरपणे घासलेल्या आरशांपैकी एक होता, फक्त चुकीच्या आकारात घासला गेला होता. कडेला सुमारे २ मायक्रॉन जास्त सपाट. कारण आरसा तपासणारं जे उपकरण होतं त्यातलंच एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसलं होतं. चटका लावणारी गोष्ट पुढेच आहे. दुसऱ्या, साध्या उपकरणांच्या चाचण्यांत गडबड दिसली होती. पण मुख्य उपकरण सर्वांत अचूक मानलेलं, म्हणून साध्या चाचण्यांना खोटं ठरवण्यात आलं. सर्वांत अचूक उपकरण तपासायचं कोणी? १९९३ च्या डिसेंबरमध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन दुरुस्ती बसवली. आरशात नेमकी किती चूक आहे हे ठरवायला धूसर ताऱ्यांच्या चित्रांवरून फेज शोधून काढणारी गणितं वापरली गेली, आणि आम्ही एसएलएमची नक्षी काढतो ती गणितंही त्याच घराण्यातली आहेत. गर्चबर्ग आणि सॅक्स्टन यांची १९७२ ची रीत ही दोघांचीही पूर्वज.

आता घराकडे वळतो. आपल्याकडे एसएलएम नाहीत असं मुळीच नाही. पैसे असले की यंत्र येतं आणि आज ते बऱ्याच ठिकाणी येतंय, त्याचा आनंदच आहे. माझी काळजी त्याच्या कितीतरी आधीची, बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलची आहे. न्यूटन्स रिंग्जचा प्रयोग ज्यांनी केलाय त्यांना सांगायला नको. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाची लांबी काढायची. उत्तर सगळ्यांना आधीच पाठ: ५८९३ अँगस्ट्रॉम. भिंगाची वक्रता त्रिज्या फळ्यावर लिहिलेली असते, ती कोणी मोजत नाही. मग मुलं काय करतात? उत्तरावरून उलट्या दिशेने वाचनं तयार करतात. ५८८० आलं की जर्नलवर सही. ज्या मुलीचं प्रामाणिकपणे ५४०० येतं तिला "पुन्हा कर" म्हणतात. पुन्हा कर म्हणजे काय हे ती दुसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरून शिकते.

माझ्या मते ५४०० ही त्या वर्गातली सर्वांत मौल्यवान गोष्ट होती. फळ्यावरची त्रिज्या खरंच त्या भिंगाची होती का? की गेल्या वर्षी भिंग फुटलं, नवं आलं आणि आकडा जुनाच राहिला? कपाटात स्फेरोमीटर असतो, त्याने ती त्रिज्या पंधरा मिनिटांत तपासता येते. सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू ढिला आहे का? हे शोधणं म्हणजेच कॅलिब्रेशन. फळ्यावरची त्रिज्या आणि कंपनीचा तक्ता ही एकाच आईची लेकरं आहेत. जो विद्यार्थी फळ्याला प्रश्न विचारायला शिकला नाही, तो पुढे वीस लाखांच्या डबीला कशाच्या जोरावर विचारणार?

मी ज्या गावात राहतो तिथे लॉर्ड केल्विन १८४६ ते १८९९ अशी त्रेपन्न वर्षं प्राध्यापक होते. त्यांनी विद्यार्थ्यांसाठी प्रयोगशाळा काढली, ती ब्रिटनमधल्या अशा पहिल्या काही प्रयोगशाळांपैकी एक, आणि तिची पहिली जागा होती एका जुन्या घराचं दारू ठेवायचं तळघर! तिथे पोरं उत्तर पाठ असलेले प्रयोग करत नव्हती. केल्विनना खरोखर हवे असलेले पदार्थांचे गुणधर्म मोजत होती. उत्तर कोणालाच माहीत नसलं की उलट्या दिशेने जाता येत नाही. मग यंत्रावर शंका घ्यावीच लागते.

याचा अर्थ 'इथे सगळं सोन्याचं आणि आपल्याकडे माती' असा कृपया काढू नका. परदेशातून लिहिणाऱ्यांना ती खोड असते, मला ती आवडत नाही. इथेही दहा पानांच्या पेपरात कॅलिब्रेशनच्या वाट्याला एक ओळ येते: 'एसएलएमचं कॅलिब्रेशन करण्यात आलं.' कोणी केलं, कधी केलं, किती अंश सेल्सिअसला केलं, काही पत्ता नाही. अनुदानाच्या अर्जात यंत्राची किंमत लिहायला रकाना असतो, ते जुळवायला लागणाऱ्या माणसाच्या दोन महिन्यांना नसतो. ज्या तंत्रज्ञाने तळघरात बसून तक्ता केला त्याचं नाव लेखकांच्या यादीत येईलच याची खात्री नाही, आलं तर शेवटी आभारात. फरक असलाच तर एवढाच की इथे नवं यंत्र आल्यावर ते तपासण्यात चार आठवडे गेले म्हणून कोणी भुवया उंचावत नाही. ही श्रीमंती पैशांची नाही, सवयीची आहे, आणि सवय लावून घ्यायला परकीय चलन लागत नाही.

आणि ती लावून घ्यायची वेळ आता आली आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि मोजायचं काय, तर दोन लेसर झोतांच्या फेजमधला फरक. माझ्या पुठ्ठ्यातल्या दोन भोकांचा हा अतिविशाल चुलतभाऊच म्हणा. प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहून कमी हालचाल टिपणारं हे यंत्र बरोबर सांगतंय हे कशावरून? लायगोवाले त्यासाठी दुसऱ्या एका लेसरने आरशाला अगदी हलकेच ढकलतात. त्या लेसरचा दाब किती हे माहीत असतं, म्हणून आरसा किती हलायला हवा हे कळतं, आणि यंत्र काय दाखवतं ते त्याच्याशी ताडून पाहतात. त्या लेसरची ताकद मोजणारं मीटरही आधी राष्ट्रीय प्रमाणाशी ताडलेलं असतं. अशी ती साखळी. दोन कृष्णविवरं किती दूर आदळली याचं उत्तर या साखळीवर उभं असतं. ही साखळी सांभाळायला माणसं लागणार, आणि ती हिंगोली, परभणी, नांदेडच्या कॉलेजांतून यावीत असं मला मनापासून वाटतं. त्यांनी आज प्रॅक्टिकलला ५८९३ पाठ करून वाचनं बनवली तर ती कशी येणार?

म्हणून माझं मागणं साधं आहे. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत उत्तराला मार्क कमी करा, आणि उत्तर का चुकलं हे शोधणाऱ्याला जास्त द्या. दर वर्षी निदान एक प्रयोग असा ठेवा की ज्याचं उत्तर सरांनाही माहीत नाही. नवं यंत्र आलं की उद्घाटनाचा नारळ फोडण्याआधी ते तपासायला महिनाभर द्या, आणि तपासणाऱ्याचं नाव पेपरवर मानाने लिहा. तक्त्यावर तारीख, तापमान, लेसर आणि करणाऱ्याची सही असल्याशिवाय तो वापरू नका. आपला वाणीसुद्धा वजनमापे खात्याच्या शिक्क्याची वजनं ठेवतो आणि ठरावीक मुदतीने पुन्हा तपासून घेतो. पावशेर साखरेला जो नियम लागू आहे, तो विज्ञानाला लावायला काय हरकत आहे?